दोरीनं बांधलेला फ्रीझर

१

गुरुवारी दुपारी माझ्या हातचं जेवून सहा माणसं लाल झाली.

पहिला कपितान सेवेरो, आमच्या वस्तीचा मुखिया. त्यानं चमचा खाली ठेवला आणि गळा खाजवायला लागला. मानेपासून कानांपर्यंत त्याचा रंग शिजलेल्या खेकड्यासारखा झाला. मग त्याची बायको, मग जमीन कचेरीतला कारकून परफेक्तो. अर्ध्या तासात सहा जण भिंतीला टेकून बसले होते. डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय, अंगाला मुंग्या डसल्यासारखी खाज सुटलीय, असं सगळे एकदम सांगू लागले. त्यात कोण पहिल्यांदा "विष!" म्हणालं ते मला आजही माहीत नाही.

पळून जायलाही जागा नव्हती. सोमवारपासून चक्रीवादळ बेटावर बसलं होतं, बोटी बंद होत्या. धक्क्याकडून गावात जाणारा पूल बुधवारी वाहून गेला आणि धक्क्याजवळच्या माझ्या लॉजमध्ये चौदा माणसं अडकली. पुढे समुद्र, मागे पुराचं पाणी. विष घालणारा असलाच तर तोही आमच्याबरोबरच अडकला होता, ही एक सोय.

"हे बघ कोन्सोर्सिया," कपितान खाजवत म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत हे कुणी केलं ते मला कळलं पाहिजे. नाहीतर तुझ्या स्वयंपाकघराला मी कुलूप लावणार. पुन्हा बोटीच्या माणसांना वाढायचं नाव काढायचं नाही."

मी विधवा बाई. सव्वीस वर्षं ह्या धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला मी जेवू घातलंय. दुसरं काही मला येत नाही आणि दुसरं काही माझं नाहीही. कोन्सोर्सियाच्या हातचं खाल्लं की माणूस आजारी पडतो, एवढं एक वाक्य पलीकडच्या किनाऱ्यावर पोचलं असतं की माझा कारभार आटोपला होता. 

तेवढ्यात कोपऱ्यातून मानोंग तिक्यो उठले. मोठ्या माणसाला आमच्याकडे मानोंग म्हणतात, बाईला मानांग. सत्तरीचे गृहस्थ, बोटीची वाट बघणाऱ्यांपैकीच एक. पलीकडच्या मासळी बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढलेली, आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथेच सोडून आलेली. मासा ते तोंडात घालत नाहीत. आयुष्यभर वास घेतला तेवढा पुरे, म्हणतात. म्हातारबुवांनी सहाही चेहरे जवळून पाहिले, कपितानच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली.

"विष कुणी घातलेलं नाही. हा माशाचा प्रताप आहे. कुपा मासा उबेत पडून राहिला की त्याच्या मांसात असलं काहीतरी तयार होतं, आणि ते मग कितीही उकळा, जात नाही. भरपूर पाणी प्या. उद्यापर्यंत उतरेल. श्वासाला त्रास झाला तर मात्र लगेच सांगा."

मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी माझं डोकं फिरलं.

"म्हणजे माझा मासा नासका होता? मानोंग, रविवारी तो होडीतून उतरला आणि तासाभरात माझ्या फ्रीझरमध्ये गेला. देवाशपथ!"

"मी कुठे नाही म्हणतो?" ते म्हणाले. "रविवारी ताजाच होता. मग त्याला ऊब कुणी दाखवली, ते बघू या. चल."

२

मंगळवारी दुपारी चार वाजता वीज गेली, तेव्हा मी काय केलं ते आधी सांगते. कारण त्यानंतर जे झालं त्याची सुरुवात तिथेच आहे.

लहान फ्रिजमधलं दूध, उरलेली डुकराची भाजी, अंडी, सगळं मी रात्रीच्या आत लोकांच्या पोटात घातलं. लहान फ्रिजचा भरवसा चार तासांचा. मोठा आडवा फ्रीझर मात्र गच्च भरलेला होता. तळाशी कोंबड्या, मध्ये डुकराचं मांस, त्यावर कुपा, आणि सगळ्यात वर तारेच्या टोपलीत विकायच्या बर्फाच्या गोड कांड्या, प्लॅस्टिकच्या लांब नळीत गोठवलेल्या. मधल्या फटींत पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या खुपसलेल्या. असा भरलेला फ्रीझर झाकण न उघडता दोन दिवस सहज निघतो. म्हणून मी त्यावर दोन गोधड्या टाकल्या, जाड दोरीनं तो बैलासारखा बांधला आणि झाकणावर आमच्या सांतो निन्योची, बाळयेशूची, मूर्ती ठेवली. तोंड दाराकडे, म्हणजे आत पाय टाकणारा प्रत्येक जण त्याच्या नजरेत.

आणि मग मी जेवणघरात येऊन ओरडले, "झाकणाला हात लावील त्याला मी उचलून पुरात टाकीन! बाई असो, बुवा असो, मला फरक पडत नाही!" माझा आवाज मोठा आहे. सगळ्यांनी ऐकलं.

गुरुवारी सकाळी सहाला बंदराचा जनरेटर दुरुस्त झाला आणि त्याची एक तार आमच्याकडे आली. अडतीस तास झाले होते, म्हणजे हिशेबात दहा तास शिल्लक. मी दोरी सोडली. जेवणाच्या तयारीला मासा काढला तेव्हा तो हाताला दगडासारखा लागला. मी रांधला.

"दगडासारखा," मानोंग तिक्यो म्हणाले. "म्हणजे आत्ता गार आहे, एवढंच. मधे काय झालं ते दगड सांगत नाही." त्यांनी टोपलीतून मुगाची एक कांडी उचलली आणि उजेडात धरली. "ह्या तू कशा करतेस?"

"गोठताना दर थोड्या वेळानं उलट्यासुलट्या करते. मूग सगळीकडे सारखे पसरले पाहिजेत. पहिल्या घासाला मूग आणि शेवटाला नुसतं पाणी, असली कांडी माझ्याकडे मिळणार नाही."

"मग हे काय?"

त्या कांडीतले सगळे मूग एका टोकाला जमले होते. दुसरीतलेही. तिसरी तर वाकून टोपलीच्या तारेच्या आकाराची झाली होती.

"ह्या पार वितळल्या आणि पुन्हा गोठल्या. ह्यांच्या खालचा मासाही तसाच." मग ते कंबरेतून वाकले आणि हात घालून तळापर्यंत चाचपत गेले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात एक कोंबडी होती. तिच्या पोटातला पांढरा भुसभुशीत बर्फ जसाच्या तसा होता. "तळाला काही झालेलं नाही. गारवा खाली बसतो, ऊब वरच्या थराला लागते. झाकण उघडलं गेलंय, मानांग. आणि एकदा नव्हे. एकदा उघडून एवढं होत नसतं."

तेव्हा मला आठवलं.

"मानोंग, सकाळी मी दोरी सोडायला आले तेव्हा बाळयेशूचं तोंड भिंतीकडे होतं. मला वाटलं, घाईत मीच तसा ठेवला असेल."

"तू ठेवशील तसा?"

"मेले तरी नाही."

म्हातारबुवांनी मूर्तीकडे बराच वेळ पाहिलं. "देवाचं तोंड फिरवून चोरी करणारा," ते म्हणाले, "देव मानणारा असतो. आणि त्याला लाज वाटत असते."

३

माझा संशय एकाच माणसावर होता. रोगासियानो, कोळंबीचा व्यापारी. तीन पेट्या कोळंबी घेऊन तो सोमवारपासून माझ्या पडवीत अडकला होता, आणि दर तासाला पेट्यांकडे बघून उसासे टाकत होता. बर्फाची गरज त्याच्याएवढी कुणाला?

"मी?" रोगासियानो उखडला. "त्या बाहुल्याला मी हात लावीन? आमच्या पंथात मूर्तीला शिवणंसुद्धा पाप आहे, मानांग. वर्षभर तुम्हाला तेच समजावतोय!"

"समजावतोस कसला, डोकं खातोस."

"मग खातो! पण बर्फ खात नाही. या, बघा!"

त्यानं पेटीचं झाकण उघडलं आणि आम्ही दोघंही नाकाला रुमाल लावून मागे सरलो. आत कारखान्याच्या बर्फाचा चुरा होता, तोही जवळजवळ पाणी झालेला, आणि त्यात कोळंबी काळी पडली होती.

"तुमचा बर्फ चोरला असता तर माझी ही दशा झाली असती?" असं म्हणून तो गडी पेटीवर बसला आणि चक्क रडायला लागला. मला त्याची दया आली. थोडीशीच.

मग राहिला परफेक्तो. खादाड माणूस, पण बुधवारचा सगळा दिवस तो मानोंग तिक्योंबरोबर छपरावर पत्रे बांधत होता. तरी मी त्याला लाल गालांसकट उभं केलं.

"खरं सांग. माझ्या फ्रीझरला हात लावलास?"

तो आधी छताकडे बघत राहिला, मग जमिनीकडे. "एकदा. फक्त एकदाच, मानांग! आज सकाळी. वीज आली, तुम्ही दोरी सोडून भात टाकायला गेलात, तेव्हा. म्हटलं, चार दिवसांत गोड असं काही पोटात गेलं नाही. एक कांडी घेतली."

"मेल्या चोरा!"

"आणि मला त्याचं फळ मिळालं ना! अर्धी पातळच होती. आणि काय हो, नारळाच्या कांडीत साखर घालायची विसरलात का तुम्ही? नुसती पांढरी, मिळमिळीत. मुगाची घेतली असती तर बरं झालं असतं."

मी मानोंग तिक्योंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मानोंग," मी हळूच म्हटलं, "ह्या खेपेला मी मुगाच्या आणि आंब्याच्या केल्या. नारळाच्या केल्याच नव्हत्या."

४

आम्ही टोपली टेबलावर उपडी केली. हिरवट मुगाच्या, पिवळ्या आंब्याच्या, आणि त्यांच्या खाली नीट ओळीनं लपवलेल्या अकरा पांढऱ्या. परफेक्तोनं खाल्लेली धरून बारा. पिशव्या माझ्याकडच्याच, त्याच लांब नळ्या. पण मी नळीला गाठ मारते. ह्यांची तोंडं दोऱ्यानं बांधलेली होती, काळ्या दोऱ्यानं.

मानोंग तिक्योंनी एक कापली, वास घेतला, बोटाच्या टोकावर थेंब घेऊन जिभेला लावला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी ती कांडी दोन्ही हातांनी परत ठेवली.

"मानांग, आपल्याकडे बाळंतिणीला काय देतात?"

"काय देणार? शेवग्याच्या पाल्याचा रस्सा. दूध यावं म्हणून."

"तुझ्याकडे सध्या तो कोण मागतं?"

मी जिन्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीतली जुवेलिन. चोवीस-पंचवीसची असेल. आई वारली म्हणून नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला बेटावर आली होती, काळे कपडे घालून. मासा नको, मांस नको, दिवसातून तीन वेळा शेवग्याच्या पाल्याचा रस्सा तेवढा मागायची. मला वाटलं, आईसाठी उपास धरलाय पोरीनं. मंगळवारी तिनं माझ्याकडून कांड्यांच्या रिकाम्या पिशव्यांचं एक पाकीट घेतलं होतं. मी विचारलंही नव्हतं कशाला म्हणून.

"मंगळवारी संध्याकाळी सातपासून आज पहाटे चारपर्यंत," मानोंग तिक्यो बोटांवर मोजत म्हणाले, आणि बोटं कमी पडली तेव्हा माझी वापरली. "दर तीन तासांनी एक. मग तू उठलीस. बारा होतात."

५

जुवेलिन खाटेवर बसली होती. आमच्या हातातली टोपली दिसताच ती उठून उभी राहिली.

"मला पुरात टाकणार का?" तिनं विचारलं.

कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. "पोरी, बस खाली," मी म्हटलं.

तिचं बाळ सातव्या महिन्यात झालं होतं. पलीकडच्या शहरात, दवाखान्यात, काचेच्या पेटीत होतं. मुलगी. अजून चोखता येत नव्हतं तिला, नळीनं दूध द्यायचे. आईच्या प्रार्थनेसाठी जुवेलिन एका दिवसापुरती आली आणि बोटी बंद झाल्या. "नर्स म्हणाली, दर तीन तासांनी काढत राहा, नाहीतर आटेल. गोठवून आणलंस तर चालेल, म्हणाली. म्हणून मी..."

"मग मला सांगायचंस की! मी काय राक्षसीण आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं मलाच उत्तर मिळालं.

"झाकण किती वेळ उघडं असायचं, इंदाय?" मानोंग तिक्योंनी विचारलं. इंदाय म्हणजे आमच्याकडे पोरी, बाळा, असं.

"कांड्या बाहेर काढायच्या, नवी सगळ्यांत खाली ठेवायची. आणि मग दहा वेळा 'नमो मारिया'ची प्रार्थना. प्रत्येक कांडीवर हात ठेवून. दूध तिच्यापर्यंत पोचावं म्हणून."

"झाकण उघडं ठेवून?"

"बंद झाकणावरून कसं म्हणायचं?"

मानोंग तिक्योंनी डोळे मिटले. तीस वर्षं बर्फात काढलेल्या माणसाला ते ऐकवत नव्हतं. "आणि देवाचं तोंड लाजेनं फिरवलंस."

"लाजेनं?" तिला कळलंच नाही. "नाही हो. तुम्ही त्याला दाराकडे बघायला ठेवलं होतं. दारात काय आहे? त्या भिंतीपलीकडे समुद्र आहे, आणि समुद्रापलीकडे दवाखाना. तिकडे कुणीतरी बघायला हवं ना."

वारा पत्रे बडवत होता. मानोंग तिक्यो तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"इंदाय, हे दूध वितळून पुन्हा गोठलंय. इतक्या लहान जिवाला हे द्यायचं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

ती रडली नाही. तिनं काळा झगा गुडघ्यांवर सारखा केला, आणि म्हणाली, "चार वाजता पुन्हा काढायचंय."

"काढ," म्हातारबुवा म्हणाले. "आता वीज आहे. पण तिच्यावर विसंबू नको. बाटली मी उकळून देतो. फ्रीझरच्या तळाच्या गोठलेल्या बाटल्यांमध्ये पेटी भरू, त्यात ठेवू. बोट एका दिवसात सुटली तर ते तिला चालेल."

आम्ही जिना उतरलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पोरीचं वाईट वाटत होतं, पण माझं नाव धुऊन निघालं होतं. कपितानला जाऊन सांगायचं, झाकण हिनं उघडलं, की माझी सुटका.

अर्ध्या जिन्यात मानोंग तिक्यो थांबले.

"झाकण तिनं उघडलं," ते म्हणाले. "मासा कुणी रांधला?"

"तो टणक होता, मानोंग!"

"होता. पण मासा काढायला आधी कांड्यांची टोपली उचलावी लागते. स्वतःच्या मुगांचा एवढा अभिमान असलेली बाई, तिला ते एका टोकाला गेलेले दिसले नाहीत?"

"दिसले होते," मी म्हटलं.

वाकलेल्या कांड्याही दिसल्या होत्या. क्षणभर वाटलं होतं, हे काहीतरी चुकलंय. पण चौदा तोंडं जेवायची होती, गावातली दुकानं बंद, पूल गेलेला, आणि तेवढा मासा फेकायचा जीव झाला नाही. मी टोपली बाजूला ठेवली आणि दुसऱ्या गोष्टीचा विचार केला. इतकं सोपं होतं ते.

"मला हे विचारायचं नव्हतं," मानोंग तिक्यो म्हणाले. "पण विचारल्याशिवाय उत्तर पुरं होत नव्हतं."

६

पाच वाजता जेवणघरात सगळे जमले. कपितान सेवेरो मांडीवर कुलूप घेऊन बसला होता. त्याच्या मानेचा रंग आता गुलाबीवर आला होता. टेबलावर मोठं पातेलं होतं. तळाच्या कोंबड्या कापून, आलं ठेचून, मी रस्सा केला होता. एकेक तुकडा मानोंग तिक्योंनी स्वतः तपासून दिला होता.

"बोल, कोन्सोर्सिया," कपितान म्हणाला. "कुणी केलं?"

"वीज नव्हती तेव्हा झाकण उघडलं गेलं," मी म्हटलं. माझा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "कुणी उघडलं ते मी सांगणार नाही. त्या माणसाला दुसरा मार्ग मीच ठेवला नव्हता. पण मासा वितळून पुन्हा गोठलाय, ह्याची खूण आज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती बघितली आणि तरी रांधलं. तुम्हाला आजारी मी पाडलं."

कपितानची बायको आपल्या हातावरचे चट्टे बघत राहिली.

"ही कोंबडी चांगली आहे," मानोंग तिक्यो म्हणाले. "तळाची आहे, शेवटपर्यंत गोठलेली होती. माझा शब्द."

मी डाव पातेल्यात घातला आणि वाट पाहिली. एकही ताट पुढे आलं नाही. रोगासियानो म्हणाला, त्याला भूक नाही. परफेक्तोसुद्धा, ज्यानं आयुष्यात कधी वाढलेलं नाकारलं नसेल, तोसुद्धा पोटावर हात ठेवून दुसरीकडे बघू लागला. रस्स्यावरची वाफ कमी होत गेली. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि दार उघडून निघून जावं तर बाहेर पाणी. मी तिथेच, सगळ्यांसमोर, डाव धरून उभी राहिले.

जिन्यावर पावलं वाजली. जुवेलिन खाली आली. तिचा झगा छातीवर ओला होता, आणि ते झाकायचा तिनं प्रयत्न केला नव्हता.

"झाकण मी उघडलं," ती म्हणाली. "बारा वेळा. माझं दूध ठेवायला. माझी मुलगी पलीकडे दवाखान्यात आहे. तुम्ही सगळे माझ्यामुळे आजारी पडलात, मला माफ करा."

परफेक्तोचा हात झटकन तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

जुवेलिननं फळीवरून एक ताट घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाढा, मानांग."

"तू नको," मी कुजबुजले. "पोरी, तू नको खाऊस. तुझ्या अंगावर लेकरू आहे. तू जे खाशील ते तिला जाईल."

"म्हणूनच वाढा. मला भूक लागलीय."

मी वाढलं. ती कपितानच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि सगळ्यांच्या देखत भात कालवून जेवू लागली, भराभर, डोकं वर न करता. पहिलं ताट संपवून तिनं ते पुन्हा पुढे केलं. ह्या वेळी मी डाव इतका काठोकाठ भरला की रस्सा टेबलावर सांडला. तिनं तो बोटानं निपटून घेतला आणि खाल्ला.